पातं परक्याचं, हात आपला

2025 च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने एक तलवार विकत घेतली. किंमत 47 लाख 15 हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली आणि लोकांनी गर्दी करून पाहिली. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची ही तलवार. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडलेलं, मूठ आपल्याकडची. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत लिहिलंय : श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग. आधीचे शब्द मालकाचे आणि त्याच्या पदवीचे. शेवटचा शब्द तलवारीचा.

त्या शेवटच्या शब्दापाशी मी अडकलो. मी बांद्याचा. आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर पत्रादेवी, म्हणजे गोव्याची हद्द. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांच्या गोळ्या चालल्या, पंजाबातून आलेले कर्नेलसिंग तिथेच पडले. आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी 'फिरंगी' हा शब्द तेव्हापासून कडूच राहिला. त्याआधीही तो गोड नव्हता. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त एका नव्या, घाणेरड्या रोगाला 'फिरंगरोग' असं नाव आहे. असा हा शब्द, आणि तोच मराठे आपल्या सर्वांत लाडक्या तलवारीला देत होते. ज्याला हाकलून द्यायचं त्याचंच पातं दसऱ्याला पूजेत मांडत होते.

तेव्हा मनात आलं, पातं समुद्रावरून आलं हे उघडच आहे. पण ते चालवायची विद्याही त्याच्याबरोबर आली का? स्पेन-पोर्तुगालचे लोक तलवार कशी धरत, पाऊल कसं टाकत, ते इथे कोणी शिकलं का? त्याचाच हा मागोवा.

आधी पातं कुठल्या वाटेने आलं ते पाहू. बांदा आज आठवड्याच्या बाजाराचं, गोव्याला जाणाऱ्या गाड्यांचं गाव आहे. आदिलशाहीत याचं नाव आदिलाबाद होतं. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने पश्चिम किनाऱ्याचं वर्णन लिहिलं, त्यात बांदा हे व्यापाऱ्यांनी गजबजलेलं बंदर म्हणून येतं. गलबतं तेरेखोलच्या खाडीतून आत यायची. त्याच सुमाराला, 1510 मध्ये, आमच्या दक्षिणेला गोवा पोर्तुगीजांच्या हातात गेलं आणि मांडवीच्या मुखाशी लिस्बनची जहाजं लागू लागली.

त्या जहाजांची सुरुवात आणखी मागे शोधता येते. तलवारींसाठी जगात नावाजलेलं स्पेनचं तोलेदो शहर टॅगस नदीच्या काठावर आहे. हीच नदी देश ओलांडून लिस्बनला समुद्राला मिळते. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून ताफा निघायचा, आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या आसपास गोव्याला पोचायचा. पात्यांचा व्यापार चालायचा तो बहुतेक मुठीवाचून. मूठ ज्याने त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे चढवायची. सगळीच पाती तोलेदोची असत असंही नाही. जर्मनीतल्या सोलिंगेन गावचे कारागीर आपल्या पात्यांवर खुशाल स्पॅनिश नावं ठोकत, कारण त्या नावांना भाव जास्त यायचा. आपल्याकडे 'अलेमानी' नावाची तलवार आहे, तिच्या नावात जर्मनांचं पोर्तुगीज नाव लपलेलं आहे. म्हणजे इथल्या गिऱ्हाइकालाही कळत होतं की फिरंग्यांमध्येही भेद आहेत.

आता कोणी विचारेल, आपल्याकडे पोलाद नव्हतं का? होतं, आणि जगाने हेवा करावा असं होतं. दक्षिणेतल्या मुशीतल्या पोलादाची धार प्रसिद्ध होती. पण ते कडक. लांब सरळ पात्यात जोराच्या आघाताने तुटायची भीती. युरोपातली पाती पाणी देऊन अशी तयार केलेली असत की वाकली तरी पुन्हा सरळ व्हायची. घोड्यावरून पल्ला साधायला साधारण 90 सेंटिमीटर लांबीचं, हलकं आणि लवचीक पातं मराठ्यांना हवं होतं. दांडपट्ट्याला तर लवचीकपणा लागतोच. म्हणून जुन्या पट्ट्यांमध्येही युरोपी पाती सापडतात.

आमच्या भागात अभिमानाने सांगतात की शिवाजी महाराजांची नामांकित फिरंग इथल्या सावंत सरदारांकडून गेली. परंपरा अशी की महाराजांनी ती फुकट घेतली नाही, तीनशे होन मोजले. ती हीच का ते सांगता येत नाही, पण कोल्हापूरच्या शस्त्रागारातली 'जगदंबा' ही शिवछत्रपतींची म्हणून ओळखली जाणारी तलवार 1875-76 च्या दौऱ्यात ब्रिटिश युवराजाला भेट म्हणून दिली गेली. गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते, वय जेमतेम बारा. ती तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिच्या सरळ पात्यावर एक रुंद आणि दोन अरुंद पन्हळी आहेत, आणि दोन्ही बाजूंना तीन तीन वेळा 'आय एच एस' अशी मोहोर उठवलेली आहे. ही येशूच्या ग्रीक नावातली अक्षरं. युरोपातल्या लोहाराने देवाचं नाव घेऊन पातं घडवलं, इथे त्याला आईचं नाव मिळालं. अक्षरं घासून काढायची गरज कोणाला वाटली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

नाव बदललं, तशी मूठही बदलली. खरी गोष्ट मुठीत आहे.

फिरंगेची मूठ जवळून पाहा. बोटांवर परज, तळहाताभोवती रुंद पत्र्याचं रक्षण, आतून मऊ अस्तर. मुठीच्या डोक्यावर वाटोळी गादी, आणि गादीतून वर निघालेला बोटभर जाड गज. वार जड करायचा असेल तेव्हा दुसरा हात त्या गजावर येतो. मनगट गादीखाली दाबून राहतं, त्याला फारशी मोकळीक नाही. वार खांद्यातून, कमरेतून येतो. आता त्याच जातीचं पातं स्पॅनिश मुठीत पाहा. आडव्या दांडीच्या पुढे लोखंडी कडी, तर्जनी त्या कडीतून जाते, पातं बोटांनी राखायचं. मनगट मोकळं. तिथे टोक पुढे चालतं आणि हात त्याच्या मागे जातो; आपल्याकडे हात पुढे चालतो आणि धार त्याच्या मागे येते. पातं एक असेल, पण ही दोन निरनिराळी शरीरं आहेत.

पट्ट्यात तर हे टोकाला गेलं. तिथे मूठच राहिली नाही, कोपरापर्यंतचं लोखंडी खोबळं झालं. आत आडवी दांडी पकडायची, की मनगट गेलंच. माणसाचा हात म्हणजे तलवार.

भाषेतही हाच पुरावा सापडतो. चारशे वर्षांच्या शेजारामुळे मराठीत पोर्तुगीज शब्द खंडीभर आले. पाव, बटाटा, चावी, फीत, घमेलं, पगार, तुरुंग हे सगळे तिकडचे. लढाईचेही आले : पिस्तूल आलं, काडतूस आलं. वस्तू आली, ती वापरायची रीत आली, आणि रीतीबरोबर शब्द आला. तलवारीच्या बाबतीत मात्र 'फिरंग', 'अलेमानी' अशी पात्याची नावं तेवढी पडली. वार, घाव, हूल, रोख, पवित्रा, परज, म्यान यांतला एकही शब्द लिस्बनहून आलेला नाही. बंदूक शिकताना आपण त्यांचे शब्द घेतले, तलवार धरताना आपलेच वापरले, कारण तलवारीत आपल्याला शिकण्यासारखं कोणाकडे काही आहे असं वाटतच नव्हतं. माझं उत्तर मला इथे मिळालं. पातं आलं, हात आला नाही.

पण जो हात आला नाही, तो होता कसा? त्याचाही शोध घेतला, आणि तो अनपेक्षितपणे गोव्यापाशीच आला.

1580 मध्ये स्पेनचा राजा दुसरा फेलिपे पोर्तुगालच्याही गादीवर बसला. 1640 पर्यंत दोन्ही मुकुट एकाच घराण्याकडे होते. म्हणजे ती साठ वर्षं गोव्याचा व्हाइसरॉय स्पेनच्या राजाचा चाकर होता. नेमक्या याच काळात स्पॅनिश तलवारविद्या कागदावर उतरली. हेरोनिमो सांचेझ दे कार्रान्झा याचा ग्रंथ 1582 मध्ये सानलुकार दे बार्रामेदा या बंदरगावी छापला गेला. त्याने आपल्या विद्येला 'व्हेर्दादेरा देस्त्रेझा' म्हटलं, म्हणजे खरं कौशल्य. त्याच्या मागून लुईस पाचेको दे नार्वाएझचा ग्रंथ 1600 मध्ये आला. हा पुढे चौथ्या फेलिपेचा तलवारगुरू झाला. अँटवर्पच्या जेरार थिबोने 1630 च्या सुमारास याच विद्येवर भल्या मोठ्या चित्रांचा ग्रंथ काढला. सर्व्हांटिसच्या 'दोन किखोते'च्या 1615 मधल्या दुसऱ्या भागातही ही विद्या येते : वाटेत दोन तरुण बोथट तलवारींनी खेळतात, एक नुसत्या ताकदीचा, दुसरा शास्त्र शिकलेला. ताकदवान दमतो आणि हार मानतो.

कार्रान्झाचं म्हणणं असं की तलवार हा भूमितीचा विषय आहे. दोघे समोरासमोर उभे राहिले की त्यांच्यामध्ये जमिनीवर एक वर्तुळ कल्पायचं, दोघे व्यासाच्या दोन टोकांना. अंग ताठ, पाय जवळ, हात खांद्यातून सरळ पुढे. शरीर आणि हात यांचा काटकोन. माणसाची पोच काटकोनातच सर्वांत लांब असते. अंतरही ठरलेलं : माझं टोक तुझ्या मुठीच्या दांडीपर्यंत पोचेल, इतकंच. स्पेनमध्ये 1564 च्या फर्मानाने पात्याची लांबी पाचचतुर्थांश व्हारा, आजच्या मापात सुमारे 104 सेंटिमीटर, यापुढे नेण्यास बंदी होती. म्हणून समोरच्याचं अंतर साधारण ठाऊक असायचं. हालचालींना नावं अ‍ॅरिस्टॉटलच्या पदार्थविज्ञानातून घेतलेली : वर जाणारी ती 'जबरीची', कारण वजनाविरुद्ध, खाली येणारी ती 'नैसर्गिक'. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरळ पुढे जायचं नाही. व्यासाच्या रेषेवर समोरच्याचं टोक उभं आहे. परिघाने चालायचं.

हे वाचून माझ्याने राहवलं नाही. पाऊस सरल्यावर नव्याने सारवलेल्या आमच्या खळ्यात मी एक खुंटी ठोकली, सुंभाने बांधून चुन्याचं वर्तुळ काढलं, आणि बांबूच्या दोन काठ्या मापाने कापल्या. समोर भाची. मी हात सरळ धरून उभा राहिलो आणि तिला म्हटलं, ये. ती दोन पावलं आली आणि थांबली.

"मामा, सरळ इलंय तर तुझी काठी माझ्या छातीक लागता."

"मगे बाजूक सर. रेषेर चल."

ती चुन्याच्या रेषेवरून उजवीकडे सरकली. मी टोक तिच्याकडे वळवायला लागलो, पण प्रत्येक पावलाला माझं टोक थोडं उशिरा पोचत होतं. तिसऱ्या पावलाला तिने आपली काठी माझ्या काठीवर आडवी टेकवली, आणि माझी काठी मला उचलता येईना. तिने जोर केला नव्हता. तिच्या मुठीजवळचा भाग माझ्या टोकाजवळच्या भागावर आला होता, इतकंच. स्पॅनिश ग्रंथ याला 'आताहो' म्हणतात : वाट अडवणं. सोळाव्या शतकातलं एक पान सातवीतल्या मुलीने पंधरा मिनिटांत सोडवलं. ते तिने वाचलं नव्हतं, पायांनी शोधलं होतं.

त्या रात्री देवळातल्या दशावतारात राजा आणि राक्षस तलवारी घेऊन एकमेकांभोवती फिरू लागले, तेव्हा माझी नजर त्यांच्या पायांवर होती. मृदंगाच्या ठेक्यावर तेही परिघानेच चालत होते. दशावतारात हे स्पेनहून आलं, असं मला मुळीच सुचवायचं नाही. दोन माणसं आणि दोन पाती समोरासमोर आली की जमिनीवर वर्तुळ आपोआप पडतं. फरक एवढाच की स्पॅनिश गुरूंनी ते काढून ठेवलं आणि खाली आकडे लिहिले.

पण लिहून ठेवूनही ती विद्या मेली. अठराव्या शतकात फ्रान्सची आखूड, हलकी तलवार सगळीकडे पसरली. 1805 मध्ये मानुएल अंतोनियो दे ब्रेआ या माद्रिदच्या गुरूने जुन्या भूमितीला त्या नव्या तलवारीशी जोडून पाहिलं. पुढे तलवार खेळाच्या मैदानात गेली, लांब अरुंद पट्टीवर पुढे-मागे जायचं ठरलं, आणि वर्तुळाला जागाच उरली नाही. गुरूचा हात शिष्याच्या मनगटावर पडायचा थांबला. ग्रंथ ग्रंथालयात राहिले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी ते ग्रंथ पुन्हा उघडले. आज जगभर या विद्येच्या कार्यशाळा होतात. शनिवार-रविवारी एखाद्या सभागृहात लोक जमतात, जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने वर्तुळ काढतात, तोंडावर जाळीचे मुखवटे चढवतात, बोथट तलवारी हातात घेतात. पूर्वी स्पेनमध्येही शिकण्याची तलवार वेगळी असे, तिला 'काळी तलवार' म्हणत. धारेची ती 'पांढरी'. मग पान वाचायचं, जोडी जोडीने हळू हळू करून पाहायचं. जमलं नाही तर पुन्हा वाचायचं. कुठे अडतं? पाऊल किती टाकायचं ते पुस्तकात आहे, पण पात्यावर पातं किती हलकं टेकवायचं ते नाही. समोरच्याचा जोर पात्यातून बोटांना कळतो, त्याला ग्रंथात 'ताक्तो', म्हणजे स्पर्श, असं नाव आहे. नाव वाचून स्पर्श कळत नाही. तो शेकडो हातांनी करून, चुकून, एकमेकांना सांगून पुन्हा मिळवावा लागला. पुस्तकाने सांगाडा जपला, मांस कार्यशाळेने चढवलं.

यातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. कार्रान्झाच्या आधीही स्पेन-पोर्तुगालात तलवार होतीच. सामान्य शिपायांची, गल्लीतली. पंडित तिला 'गावंढळ' म्हणत. ती फारशी कोणी लिहिली नाही, कारण सगळ्यांनाच येत होती. आज तिचं तपशीलवार वर्णन प्रामुख्याने एका हस्तलिखितावर उभं आहे : दोमिंगो लुईस गोदिन्यो या पोर्तुगीजाने 1599 मध्ये लिहिलेलं. गोव्याला जाणाऱ्या साध्या शिपायाच्या हातात जी तलवार होती, तिचा विचार करताना आज हेच हस्तलिखित पुढे घ्यावं लागतं. त्या एका माणसाने कंटाळा केला असता, तर आज सांगायला कोण उरलं असतं?

आता आपल्याकडे वळू. आपली विद्या उलट वाटेने आली. आपल्याकडे वस्ताद होते. 1878 च्या शस्त्रकायद्याने लोकांच्या हातातली शस्त्रं गेली; पट्टा, बोथाटी, लाठी ही 'खेळ' म्हणून तालमींत उरली. सरावाला फरी-गदका : चामड्याची लहान ढाल आणि चामडं चढवलेली काठी, आपली 'काळी तलवार'च ती. शिर, तमाचा, बाहेरा अशी वारांची नावं तोंडी चालत आली. कोल्हापूरच्या पेठांत मर्दानी खेळ आजही घुमतो. 2024 मध्ये शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केलं. याचा मला आनंद आहे.

पण खेळ पाहताना एक गोष्ट खुपते. जमिनीवरचं लिंबू कापलं जातं, डोक्यावरचा नारळ फुटतो, पट्टा विजेसारखा फिरतो. फेक टिकली, चपळाई टिकली. समोरचा माणूस मात्र हळू हळू मागे सरला. लिंबू उलटा वार करत नाही. पवित्रा कशासाठी घ्यायचा, हूल कोणाला द्यायची, अंतर कुणापासून राखायचं, हे प्रतिस्पर्ध्याशिवाय शिकता येत नाही. 'पवित्रा' हा शब्द आज राजकारणाच्या बातम्यांत रोज भेटतो. तो पायांचा शब्द आहे, हे सांगावं लागतं.

आपल्याकडे काहीच लिहिलं गेलं नाही असंही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. लाठी, फरी-गदका, पट्टा, सगळं त्यात मराठीत बांधून ठेवलंय. म्हणजे स्पेनवाल्यांपाशी पुस्तक होतं, गुरू नव्हते. आपल्यापाशी पुस्तकही आहे आणि गुरूही आहेत. दोघे एका जागी बसत नाहीत, एवढीच अडचण.

म्हणून मला स्पॅनिश कार्यशाळांकडून त्यांचे डाव नको आहेत. त्यांची चिकाटी हवी आहे. तालमीतल्या वस्तादांसमोर ज्ञानकोशाचं पान उघडावं. ते म्हणतील, हे असं नाही, असं आहे. ते 'असं' कुणीतरी लिहून घ्यावं, चित्रफितीत उतरवावं. मग फरी-गदका घेऊन जोड्या लावाव्यात, मुलगे आणि मुली दोघांच्याही, आणि समोरच्या माणसाला पुन्हा समोर आणावं. चारशे वर्षांपूर्वी आपण परक्याचं पातं निःसंकोच घेतलं आणि त्याला आपली मूठ चढवली. परक्याची अभ्यासाची रीतही तशीच घ्यावी. ती घेतल्याने आपलं काही कमी होत नाही, जगदंबेचं कुठे झालं?

खळ्यातलं चुन्याचं वर्तुळ मी पुसलेलं नाही. संध्याकाळी भाची शेजारच्या दोघींना घेऊन येते. परवा पाहिलं, त्यांतल्या धाकटीचा हात कोपरात वाकत होता. भाचीने पाठीमागून तिचं मनगट धरलं आणि हात सरळ केला. तोंडाने काही सांगितलं नाही. राघोजींच्या पात्यावर तलवारीचं नाव कोरून ठेवता आलं, पण ती चालवणारा हात कुठे कोरता येत नाही. तो असाच, मनगट धरून, पुढे द्यावा लागतो.